पात्राची पत्रिका

पात्रानें आपल्या धंद्याला शोभेल असें कांहीं तरी करून दाखवावें, ही अपेक्षा आपल्या कादंबरीवाचकांनीं फार दिवसांपूर्वींच सोडून दिली आहे. नायक वकील असतो, पण कोर्टाची पायरी चढतांना तो कधीं दिसत नाहीं. डॉक्टर असतो, पण तीनशें पानांत एकाहि रोग्याची नाडी त्याच्या हातीं येत नाहीं. प्राध्यापकाची तर गोष्टच नको. तो टेकडीवर फिरावयास जातो आणि प्रेमांत पडतो. धंदा हें अशा पुस्तकांत पात्राच्या खांद्यावरचें उपरणें असतें; तें खुंटीला टांगून ठेवलें तरी माणूस तोच राहतो. ही तक्रार जुनी आहे आणि ती पुन्हां करण्यासाठीं मी लेखणी उचललेली नाहीं. परंतु गेल्या दोन वर्षांत एका अगदीं अनपेक्षित ठिकाणीं मला याच्या उलट प्रकार पाहावयास मिळाला. वाङ्मयाच्या अभ्यासकांनीं त्याची दखल घ्यावी, इतकें मोल मला त्यांत दिसलें.

तें ठिकाण म्हणजे 'रोलप्लेइंग गेम' या नांवानें ओळखले जाणारे भूमिका-खेळ. ज्यांनीं ते पाहिले नसतील त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. चार-पांच माणसें टेबलाभोंवतीं बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, ज्याचा तो आपलें पात्र काय करील तें बोलून दाखवितो, आणि जेथें यशापयशाचा संशय असेल तेथें फासे टाकतात. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर बळ, चापल्य, बुद्धि, शिक्षण इत्यादि गुणांचे आंकडे, आणि खालीं त्या पात्रास काय काय करतां येतें याची यादी. माझी भाची या कागदास 'पत्रिका' म्हणते. ती थट्टेनें म्हणते, पण शब्द नेमका आहे. माणसाला काय येणार हें जन्माच्या वेळींच मांडून ठेवावयाचें, कीं त्याच्या आयुष्यानें तें हळूहळू लिहीत जावयाचें, हाच या खेळांच्या रचनेंतला खरा प्रश्न आहे; आणि प्रत्येक नियमग्रंथ त्याचें उत्तर, कर्त्याच्या मनांत असो वा नसो, देऊन बसलेला असतो.

या जातीचा पहिला प्रसिद्ध झालेला खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा होय. तो १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं रचला. त्यांत प्रथम लढवय्या, मांत्रिक व धर्मोपदेशक असे तीनच वर्ग होते. चोराचा चौथा वर्ग पुढच्या वर्षीं आला. वर्ग निवडला कीं विद्या ठरली. १९८१ च्या सोप्या आवृत्तींत तर ही रचना आणखी आवळली गेली. मनुष्यपात्राला आपला वर्ग निवडतां येई. पण एल्फ, ड्वार्फ व हाफलिंग हे जे मानवेतर वंश युरोपीय लोककथांतून आणि टोल्कीनच्या कादंबऱ्यांतून या खेळांत आले, त्यांचा वंश हाच त्यांचा वर्ग. ड्वार्फाच्या पोटीं जन्मलेला लढवय्याच होणार. शिवाय त्याच्या चढतीला मर्यादा असे: हाफलिंग आठव्या पायरीवर थांबे, ड्वार्फ बाराव्या. मनुष्य मात्र त्याहून पुढें जाऊं शके.

अमेरिकन ग्रंथकारांच्या मनांत आपलें खेडें नव्हतें हें उघड आहे. त्यांस एक सुटसुटीत आकृति हवी होती, आणि ती मुलांना कळण्यासारखी हवी होती. पण त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ चा 'गांव-गाडा' ज्यानें वाचला आहे, त्याला ही आकृति अनोळखी वाटणार नाहीं. सुताराचा सुतार, कुंभाराचा कुंभार, आणि प्रत्येकाची पायरी आगाऊ ठरलेली. ही श्रमांची वाटणी आहे असें समर्थन करणारांस डॉ. आंबेडकरांनीं १९३६ सालीं 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या आपल्या न झालेल्या भाषणांत उत्तर दिलें होतें. त्याचा मतितार्थ असा कीं, येथें कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच वांटणी झाली आहे, तीहि उतरंडीनें, आणि माणसाची आवड वा लायकी पाहण्यापूर्वींच. खेळांतल्या ड्वार्फाला या अन्यायाची व्यथा नसते, कारण तो कागदावरचा आहे. परंतु तो कागद हातांत धरणारा मुलगा कागदावरचा नसतो.

याच्या नेमकी उलट दिशा 'ट्रॅव्हलर' या मार्क मिलरकृत खेळानें १९७७ सालीं धरली. हा खेळ अंतराळांतल्या भटकंतीचा आहे. त्यांतलें पात्र अठराव्या वर्षीं आरमार, पायदळ, व्यापारी जहाजें अशा सहा वाटांपैकीं एकींत शिरूं पाहतें. भरती फाशांवर, नाकारलें गेल्यास सक्तीची भरती, आणि तीहि नशीब नेईल तिकडे. पुढें चार चार वर्षांच्या मुदती. प्रत्येक मुदतींत एखादी विद्या पदरांत पडते, पण प्रत्येक मुदतींत जिवंत राहण्याचाहि फासा टाकावा लागतो, आणि मूळ नियमांप्रमाणें तो चुकला तर पात्र खेळ सुरू होण्यापूर्वींच मरतें. चौतिसाव्या वर्षापासून वार्धक्याचे फासे सुरू होतात. माझ्या भाचीच्या मित्रमंडळींस या नियमाचें फार हसूं येतें. मला तें आलें नाहीं. एक मुदत आणखी काढावी आणि आणखी थोडें शिकावें, कीं शरीर धड आहे तोंवर बाहेर पडावें, हा विचार ज्यानें पन्नाशी ओलांडली आहे त्याला विनोदी वाटणें कठीण आहे. विद्येची किंमत वर्षांत मोजावी लागते, ही गोष्ट इतक्या कोरडेपणानें सांगणारें पुस्तक माझ्या वाचनांत दुसरें नाहीं. मात्र त्यांतहि एक दार अर्धें लोटलेलें आहे: वरच्या शिक्षणाचा एक तक्ता असा आहे कीं शिक्षणाचा आंकडा आठ किंवा अधिक असल्याखेरीज तो उघडतच नाहीं.

तथापि संस्कृति आणि धंदा या दोहोंचा मिळून विचार करणारा खेळ म्हणजे 'रूनक्वेस्ट'. १९७८ सालीं स्टीव्ह पेरिन व त्यांचे सहकारी यांनीं तो रचला. त्यांतलें ग्लोरान्था नांवाचें जग ग्रेग स्टॅफर्ड यांच्या कल्पनेंतलें. यांत वर्ग नाहींतच. प्रत्येक कौशल्य शेंकड्यांत मांडलेलें, आणि कोणालाहि कशाचाहि प्रयत्न करण्यास मोकळीक. १९८४ च्या तिसऱ्या आवृत्तींत पात्राचें पूर्वायुष्य अधिक बारकाईनें आलें: आधीं त्याची संस्कृति ठरवावयाची, मग तींतला धंदा, आणि मग त्या धंद्यांत काढलेल्या प्रत्येक वर्षागणिक निरनिराळ्या कौशल्यांत ठराविक भर घालावयाची. शिकाऱ्याला माग काढतां येतो तो त्याच्या रक्तामुळें नव्हे, तर इतकीं इतकीं वर्षें तो रानांत हिंडला म्हणून. ही कल्पना मला अत्यंत निरोगी वाटते. पण याच आवृत्तींत संस्कृतींचीं नांवें काय दिलीं आहेत? आदिम, भटकी, रानटी व सुधारलेली. पहिलीच्या वाट्याला धंद्यांची आंखूड यादी, शेवटचीच्या वाट्याला लांबलचक. लुइस हेन्री मॉर्गन यांनीं १८७७ सालीं 'एन्शंट सोसायटी' या ग्रंथांत मानवजातीची जी वन्य, रानटी, सुधारलेली अशी शिडी उभी केली, तिचेंच हें नातवंड. मानववंशशास्त्रानें ती शिडी केव्हांच मोडीत काढली. खेळाच्या पुस्तकांत ती आणखी कांहीं काळ टिकून राहिली. ज्यानें धंद्याच्या बाबतींत रक्ताऐवजीं वर्षें मोजलीं, त्याच ग्रंथानें संस्कृतीच्या बाबतींत मात्र वर्षांऐवजीं पायऱ्या मोजल्या!

२०१८ च्या आवृत्तींत ही चूक बरीचशी धुऊन निघाली आहे. तेथें पायऱ्या नाहींत, देश आहेत. पात्र सार्तार, एस्रोलिया, प्राक्स अशा सहा मायदेशांपैकीं एकांतलें असतें. आजी किंवा आजोबा यांच्यापासून घराण्याची हकीकत फाशांनीं ठरत येते: कोणत्या लढाईंत कोण पडला, कोणाला कीर्ति मिळाली, कोणाच्या मनांत कोणत्या साम्राज्याचा द्वेष राहिला. आणि मायदेश केवळ कौशल्यांत भर घालीत नाहीं, ममताहि देतो. सार्तारच्या माणसाला कुटुंबाचें प्रेम, कुळाची निष्ठा, टोळीची निष्ठा हीं आंकड्यांसकट मिळतात, आणि प्रसंगीं तींच त्याच्या आड येतात. संस्कृति म्हणजे माणसाला काय येतें एवढेंच नव्हे, तर तो कशापुढें मान वांकवितो हेंहि, ही समज आपल्या पुष्कळ ऐतिहासिक कादंबऱ्यांत मला आढळलेली नाहीं.

आतां ज्या खेळांत मी स्वतः भाग घेतला त्याकडे वळतों. 'कॉल ऑफ क्थुल्हू' हा सँडी पीटर्सन यांचा १९८१ चा खेळ, 'रूनक्वेस्ट'च्याच प्रकाशनसंस्थेचा. यांतली पात्रें वीर नव्हेत. १९२० च्या सुमारचीं साधीं पांढरपेशीं व कष्टकरी माणसें, आणि त्यांच्यासमोर अमानुष, भयंकर रहस्यें. येथें धंदा हाच पात्राचा कणा. सातव्या आवृत्तींतल्या यादींत मी प्रथम अर्थातच 'प्राध्यापक' शोधला. ग्रंथालयाचा उपयोग, परभाषा, स्वभाषा, मानसशास्त्र, आणि आपल्या विषयानुसार आणखी चार कौशल्यें. इतकें खरें वर्णन आमच्या वार्षिक अहवालांतहि येत नाहीं. नंतर 'शेतकरी' पाहिला. शेतीचें कसब, गाडी हांकणें, यंत्रदुरुस्ती, सृष्टिज्ञान, माग काढणें इत्यादि. संख्या प्राध्यापकाइतकीच, आठ. फरक आहे तो गुण कोठून आणावयाचे यांत. प्राध्यापकाचे सगळे गुण शिक्षणाच्या आंकड्यांतून निघतात. शेतकऱ्याचे अर्धे शिक्षणांतून आणि अर्धे बळांतून किंवा चापल्यांतून. हात आणि डोळेहि कांहीं शिकतात, एवढें तरी ग्रंथकारांनीं मान्य केलें.

पण याच पुस्तकांत एक ओळ अशी आहे कीं तिच्यापाशीं मी थबकलों. स्वभाषेचें कौशल्य आरंभीं शिक्षणाच्या आंकड्याइतकें धरावें, असा नियम आहे. हा आंकडा फाशांनीं चाळीसपासून नव्वदपर्यंत येतो. म्हणजे जो अधिक शिकला त्याला आपली भाषा अधिक येते. वरून आणखी गुण घालतां येतात हें खरें, परंतु पाया तोच. इंग्लंड-अमेरिकेंत, जेथें शाळेची भाषा आणि घरची भाषा पुष्कळांच्या बाबतींत एकच, तेथें हें गृहीत धकून जात असेल. आमच्याकडे तें उलटें पडतें. बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. १९५१ सालीं त्या वारल्या आणि पुढच्या वर्षीं त्यांच्या ओव्या-गाण्यांचें पुस्तक निघालें, तेव्हां भल्या भल्या पदवीधरांना आपल्याला मराठी किती थोडी येते तें कळलें. या नियमानें त्यांना चाळीस गुण मिळाले असते. आणि मला? माझें सारें उच्च शिक्षण इंग्रजींतून झालें. माझ्या पात्राच्या शिक्षणाचा आंकडा पंच्याऐंशी आला. भाचीनें स्वभाषेपुढें पंच्याऐंशी लिहिलें, तेव्हां मला मनांतून लाज वाटली हें कबूल करतों. जी भाषा मी व्याख्यानांत आज तीस वर्षें टाळीत आलों, तींत नियमानें मी निष्णात ठरलों होतों.

असलीं गृहीतें नव्या ग्रंथांतहि शिरतात, आणि विशेष म्हणजे सदिच्छेच्या दारानें शिरतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०२४ च्या आवृत्तीनें वंशाला गुण चिकटविण्याची जुनी रीत टाकली. 'वंश' हा शब्दहि बदलून 'प्रजाति' केला. गुणांची वाढ आतां पात्राच्या पूर्वपीठिकेवर, म्हणजे बहुधा त्याच्या जुन्या धंद्यावर, अवलंबून असते. अशा सोळा पीठिका दिल्या आहेत. हा बदल स्वागतार्ह आहे असेंच कोणीहि म्हणेल, मीहि म्हटलें असतें. पण शेतकऱ्याची पीठिका उघडून पाहावी. त्याला वाढवितां येतात ते गुण तीन: बळ, काटकपणा आणि शहाणपण. उमरावाच्या तिघांत बुद्धि आहे, पंडिताच्या तिघांत आहे, लेखनिकाच्याहि आहे. शेतकऱ्याच्या तिघांत नाहीं. जन्मानें जें दिलें जात होतें तें धंद्यानें दिलें जाऊं लागलें. पण ज्या समाजांत धंदाच जन्मानें ठरत असे, त्या समाजांतल्या वाचकाला या दोहोंत फार अंतर दिसत नाहीं. सूत्रधारानें आपल्या मर्जीनें पीठिका बदलून द्यावी, अशी सोय पुस्तकाबाहेर कोणीहि करूं शकतो. टीका पुस्तकांत काय छापलें आहे त्यावर करावयाची असते.

या सर्वांत मला तारक वाटतो तो 'रूनक्वेस्ट'चा एक साधा नियम, जो क्थुल्हूच्या खेळानेंहि घेतला आहे. खऱ्या कसोटीच्या प्रसंगीं एखादें कौशल्य यशस्वी झालें कीं त्यापुढें खूण करावयाची. पुढें सवड मिळाली कीं शंभराचा फासा टाकावयाचा, आणि तो आपल्या चालू आंकड्याच्या वर पडला तरच कौशल्य वाढतें. ज्याला वीस येतें तो बहुधा शिकतो. ज्याला नव्वद येतें त्याला शिकावयास दहाच संधी उरतात. पत्रिकेंत कांहीहि लिहिलेलें असो, ती रोज थोडी थोडी खोडून पुन्हां लिहितां येते, आणि ज्याच्याजवळ थोडें आहे त्याचीच लेखणी अधिक चालते. नवशिक्याची घाई आणि निष्णाताचा गोठलेपणा यांचें इतकें नेमकें चित्र शिक्षणशास्त्राच्या जाड ग्रंथांत मला मिळालें नव्हतें.

आमचा खेळ आम्ही १९२० नंतरच्या मुंबईंत मांडला होता. माझा प्राध्यापक, एका विद्यार्थ्याचा कुलकर्ण्याच्या घरांतला, इंग्रजी चार यत्ता झालेला कारकून, शिक्षण पन्नास, दुसऱ्या एका विद्यार्थ्याचा परळच्या गिरणींतला फिटर, शिक्षण पंचेचाळीस. गिरगांवांतल्या एका जुन्या वाड्याच्या तळघरांत एक दप्तर सांपडलें. मी ऐटींत स्वभाषेचा फासा टाकावयास उचलला. भाचीनें हात धरला. "मामा, कागद मोडींत आहे. तुमचं शिक्षण बाळबोध आणि इंग्रजी. तुम्हांला हें वाचतां येणार नाहीं." पंच्याऐंशीचा आंकडा तसाच हातांत राहिला. कारकुनाला मोडी येत होती. त्याच्या बापानें घरीं शिकविली होती. त्यानें कंदिलाजवळ जाऊन कागद वाचला आणि आम्हांस अर्धाच मजकूर सांगितला. उरलेला अर्धा त्यानें स्वतःच्या फायद्यासाठीं गिळला, हें आम्हांस फार उशिरां कळलें. माझ्याजवळ मानसशास्त्र होतें. मी फासा टाकला, तो वायां गेला.

कलमकसाई हा शब्द ज्या समाजानें घडविला, त्याला हा प्रसंग समजावून सांगावयास नको. पण मी येथें माझ्याच म्हणण्याविरुद्ध एक गोष्ट नोंदली पाहिजे. त्या रात्रीं आम्हांस उपयोगीं पडलें तें वंशपरंपरेनें आलेलें, घराबाहेर न गेलेलें ज्ञान. आणि तें खरें ज्ञान होतें, बनावट नव्हे. पिढ्यानुपिढ्या एकच काम करणाऱ्या घरांत कांहीं कसब सांचतें हें नाकारून खेळाची वा कादंबरीची रचना केली, तर तीहि खोटी होईल. नियमग्रंथानें कारकुनाला मोडी द्यावी. फिटराला ती कधींच येणार नाहीं असें मात्र लिहूं नये.

तसें लिहिलेलें नव्हतें. फिटराचें सोंग घेणारा तो विद्यार्थी दोन आठवडे गप्प होता. त्याचे पणजोबा खऱ्या आयुष्यांत गिरणीकामगार होते, आणि गांवच्या जमिनीचे त्यांचे कागद कोणी तरी दुसराच वाचून दाखवीत असे, इतकें त्यानें मला मागें एकदां सांगितलें होतें. तिसऱ्या रविवारीं खेळ सुरू होतांच तो म्हणाला, "माझा फिटर रात्रपाळी संपली कीं मोडी शिकणार. कारकुनाकडे नाहीं. दुसरा कोणी शोधा." गुरूकडे वेळ आणि पैसा खर्चून शिकण्याचा नियम 'रूनक्वेस्ट'मध्यें आहे, तो आम्ही तेथून उसना आणला. भाचीनें भुलेश्वरांतला एक म्हातारा गुमास्ता उभा केला, शिकवणीचा पगार ठरविला, आणि फिटराच्या पगारांतून तो वजा केला. तीन महिने खेळांत गेले. मग त्यानें फासा टाकला, पेन्सिलीनें यादीच्या अगदीं तळाशीं 'मोडी' असा शब्द लिहिला, आणि त्यापुढें सहा. कारकुनाच्या कागदावर त्याच ओळींत साठ आहे. दप्तर अजून फिटराच्या ट्रंकेंत आहे. येत्या रविवारीं तो तें स्वतः उघडणार आहे.